मिक्सर लावून बोलणारे मामा

माझ्या नावापुढे आज एम.ए. लागतं ते देविदासमामांमुळे. आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की हे मामा आधी मिक्सर सुरू करतात.

लिंबायतच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, त्यांचा जन्म गेला. कानही तिथेच गेले. त्या आवाजात सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखतात. मामांचं म्हणणं असं की शांततेत माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. खडखडाट असला की नीट तोंड उघडतात. म्हणून मिक्सर. रिकामा फिरून जळू नये म्हणून मामी त्यात काहीतरी टाकायची. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येक निर्णयाची चटणी झाली. मी लूमवर न जाता कॉलेजात जायचं ठरलं, ती शेंगदाण्याची. माझं लग्न ठरलं, ती जवसाची. मिक्सर ऐकला की शेजारच्या शांताबाई वाटी घेऊनच यायच्या. "कोणाचं काय ठरलं?"

मामी गेल्यावर मिक्सर नुसताच चालायचा. मामा समोर स्टुलावर बसलेले. विचारलं तर म्हणाले, "सवय शे."

मी शिकवतो त्या कॉलेजात मागच्या महिन्यात नॉइज म्युझिकचा कार्यक्रम झाला. सूर नाही, ताल नाही. एक तरुण पत्रे, ड्रिल आणि बिघडलेले स्पीकर घेऊन आला आणि घरघर, किरकिर, खडखड वाजवत राहिला. लोक कानात बोटं घालून बसले. मामांना मीच नेलं होतं. पहिल्या रांगेत ते खुलले. मागे वळून लोकांचे ओठ वाचू लागले आणि दाराशी उभ्या असलेल्या मला खुणांनी बातम्या देऊ लागले : या बाईंचं डोकं दुखतंय, तो चष्मेवाला चहाचं विचारतोय. मग छातीवर हात ठेवून मामा नुसत्या ओठांनी म्हणाले, "हाई खरं गाणं शे. आठे वाजस." म्हणजे इथे, छातीत वाजतं. एवढ्या लोकांत प्रथमच सगळे त्यांच्यासारखे बहिरे होते, आणि बोलणं कळणारे ते एकटेच.

त्यांचे हातवारे पाहून ट्रस्टी हसत होते. माझ्या शेजारच्या देसाई सरांनी कानाशी ओरडून गुजरातीत विचारलं, "आ काका कोण छे?"

"गामना छे," मी म्हणालो. "ओळखीता." गावचे, नुसते ओळखीचे. मामांनीच शिकवल्याप्रमाणे, एकेक शब्द तोंड नीट उघडून.

मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांचे हात खाली आले. मग ते पुढे तोंड करून बसले ते शेवटपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी आले. माझ्याशी जन्मभर अहिराणी बोललेल्या मामांनी देसाई सरांसमोर मला हात जोडले. "येतो, सर. बोलावलंत, आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी ते चलथाणला मुलीकडे गेले. अजून परतले नाहीत. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र टाकलं :

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

काल स्टाफरूममध्ये देसाई सरांना सांगितलं, ते माझे मामा. खोलीत शांतता होती. सगळ्यांना ऐकू गेलं. पण तुम्हाला दिसलं नाही, तोवर ते सांगितल्यासारखं वाटत नाही.

रविवारी चलथाणला येतो. ताईला मिक्सर काढून ठेवायला सांगा. डाळ मी भिजवून आणतो.

तुमचा भाचा