वडगावमार्गे

चार वाजता साहेब अहवाल बघणार होते. तो घरून दाखवता आला तर प्रियदर्शनीला मंगळवार पेठेतल्या घरातूनच काम करायची मुभा मिळणार. नाहीतर सात महिन्यांच्या राजवीरला सोडून सोमवारपासून रोज ऑफिस.

अडचण एवढीच, की दूध संघाच्या सर्व्हरवर घरून थेट जाता येत नसे. आधी पेठ वडगावच्या शाखेतल्या मशीनमध्ये शिरायचं, मग त्यातून पुढं. त्यासाठी तिनं एसएसएच टनेल, म्हणजे दोन मशीनमधला सुरक्षित बोगदा, टाकला. हा टनेल मागच्या मागं चालतो, पडद्यावर चकार शब्द येत नाही. एवढ्या शांततेची तिला आता सवय राहिली नव्हती. खात्रीसाठी तिनं शाखेतले शिपाई गणपतराव यांना फोन लावला.

"गणपतराव, मशीन चालू आहे ना?"

"बघतो की!" हा आवाज फोनशिवायही पोचला असता. "वैनी, स्क्रीन काळीठिक्कर हाय. थांबा, बटण दाबतो."

"अहो नको! ते नुसतं..."

टनेल तुटला. चालू मशीन गणपतरावांनी बंद केलं होतं.

मशीन पुन्हा उठलं, टनेल पुन्हा जोडला. दहा मिनिटांनी तिकडची स्क्रीन झोपली आणि गणपतरावांनी पुन्हा बटण दाबलं.

"वैनी, परत गेलतं बगा! मी हाय म्हणून बरं!"

चाराला पाच कमी असताना टनेल तिसऱ्यांदा जोडला, तेवढ्यात राजवीरनं भोकाड पसरलं. सासूबाई, अंबूबाई, आतून आल्या.

"तू तुजं काम बघ. त्या वडगावच्या बाबाला मी बघते."

त्यांनी एका हातात नातू घेतला, दुसऱ्या हातात सुनेचा चालूच असलेला फोन, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्पीकर लावला.

"पावणं, मूळ गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

झालं! गणपतरावांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या बोटांवर नातेवाईक. बटण दाबायला हातच उरला नाही.

लॅपटॉपवर, व्हिडिओ कॉलमधून, साहेबांनी अहवाल शेवटपर्यंत पाहिला. "छान! घरूनच करा. पण मागं कुणी भांडतंय का?"

"नाही सर. नातं लागतंय."

ती धावतच स्वयंपाकघरात आली. ओट्यावरच्या फोनमधून गणपतराव गरजत होते, "म्हंजी तुमच्या नणंदेच्या जावंची भैन, ती आमची चुलती की वो!" आणि अंबूबाईंच्या मांडीवर राजवीर गाढ झोपला होता, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब, मूठ अर्धी उघडी.

प्रियदर्शनीनं फोन बंद करायला हात पुढं केला. अंबूबाईंनी तिचा हात धरला.

"ठेवू नगंस," त्या कुजबुजल्या. "त्यो बाबा गप झाला की उठतंय पोरगं."

मग फोनकडं वाकून म्हणाल्या, "व्हय की! आन् तुमच्या आईचं म्हायेर कुठलं?"