तुमचाच आहे, घेऊन जा

तोरेसेका गावात एक साधा नियम आहे. तुमच्या वस्तूचं कुणी कौतुक केलं की तुम्ही ताबडतोब म्हणायचं, "तुमचीच आहे, घेऊन जा." त्यावर समोरच्यानं म्हणायचं, "छे छे, तुमच्याकडेच शोभते." झालं. याचा मान राहतो, त्याचा मान राहतो आणि वस्तू जिथल्या तिथे राहते. हा नियम शाळेत शिकवत नाहीत. तो थोडा आईच्या दुधातून येतो आणि उरलेला आईच्या चपलेतून. या पद्धतीनं गावातली अख्खी मालमत्ता आजवर निदान शंभर वेळा दान झाली असेल, पण एक चमचासुद्धा जागचा हलला नव्हता.

मग गावाला युरोपातून निधी आला. एक तर गटार दुरुस्त करा, नाहीतर नागरिकांना कायदा शिकवा, अशी अट होती. गटाराला सतरा सह्या लागत होत्या आणि कायद्याला दोनच. म्हणून नगरपालिकेनं 'कराराची मूलतत्त्वे' या विषयावर बारा फुकट व्याख्यानं ठेवली. पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली, कारण हॉलमध्ये हीटर होता. ऊन पडायला लागलं तशी ती पांगली. बाराव्या व्याख्यानाला एकच श्रोता उरला आणि प्रमाणपत्रही एकालाच मिळालं. तो म्हणजे नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून बेनिग्नो.

मंगळवारी हा बेनिग्नो दाढी करायला रुफिनोच्या दुकानात आला.

रुफिनो न्हावी. त्याच्या आरशाच्या वर एका खिळ्याला पिंजरा टांगलेला आणि पिंजऱ्यात बिशप. बिशप म्हणजे गाणारा कॅनरी पक्षी, पण त्याचा रुबाब बघता दुसरं नाव ठेवणं बरं दिसलं नसतं. प्रांताच्या गायन स्पर्धेत बिशप दोन वर्षं लागोपाठ दुसरा आला होता. यंदाची स्पर्धा येत्या रविवारी, तीही तोरेसेकाच्याच चौकात. रुफिनो वर्षभर त्याला सफरचंदाच्या फोडी आणि उकडलेलं अंडं भरवत होता. स्वतः मात्र कालचा पाव खात होता.

बेनिग्नोचा एक गाल झाला होता, तेवढ्यात बिशपनं तान घेतली.

"वा! काय पक्षी आहे रे रुफिनो!"

"तुमचाच आहे बेनिग्नोसाहेब, घेऊन जा," असं म्हणत रुफिनोनं पिंजरा खाली काढला आणि नीट दिसावा म्हणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"मी स्वीकारतो," बेनिग्नो म्हणाला.

रुफिनो हसला. बेनिग्नो हसला नाही. तो उठला, पिंजरा उचलला आणि दुसऱ्या गालावर फेस तसाच ठेवून दाराकडे निघाला.

"अहो, कुठे चाललात?"

"प्रस्ताव झाला. स्वीकृती झाली. ताबा मिळाला. आता काय राहिलंय?"

"दाढी राहिलीय!"

"तो वेगळा करार आहे," बेनिग्नो म्हणाला आणि गेला.

गावातले किरकोळ तंटे सोडवणारी, तोरेसेकाची शांतता-न्यायाधीश म्हणजे बेकरीवाली दोरोतेआबाई. हे पद गावातल्याच एखाद्या समंजस माणसाला मिळतं आणि दोरोतेआबाईंचा पाव कधीच करपत नाही, एवढा समंजसपणा गावाला पुरला. पीठ मळता मळता त्यांनी रुफिनोची सगळी तक्रार ऐकून घेतली.

"तू 'तुमचाच आहे' म्हणालास का?"

"म्हणालो. पण मनापासून नाही म्हणालो, बाई!"

"रुफिनो, मनातलं मनात ठेवायचं. कायदा तोंडापाशी कान लावतो, छातीपाशी नाही."

"अहो, पण ही नुसती बोलायची पद्धत आहे. अख्ख्या जगाला माहीत आहे!"

"मग जगाला घेऊन ये," बाई म्हणाल्या. त्यांनी पीठ लागलेल्या हातानं कागद ओढला आणि लिहिलं : 'आम्ही खाली सह्या करणारे, कुणालाही तुमचंच आहे असं म्हणतो, तेव्हा ते खोटं असतं.' "यावर पाच सह्या आण. बिशप तुझा."

गावात अकराशे माणसं. रुफिनो शीळ घालत निघाला.

पाद्रीबाबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "अरे बाळा, 'देवाचं घर ते तुमचंच घर' असं मी तीस वर्षं सांगत आलोय. आता सही करून ते खोटं ठरवू?"

महापौर म्हणाले, "नगरपालिका तुमचीच आहे, यावरच तर मी निवडून आलो. तू मला बुडवायला निघालायस का?"

खाटकाची बायको रेमेदियोस रुफिनोला कोपऱ्यात घेऊन गेली. "मी सासूबाईंना रोज म्हणते, 'आई, हे घर तुमचंच.' सही केली तर त्यांना कळेल ना!"

"त्यांना माहीत नाहीये?"

"माहीत आहे रे. पण अजून कळलेलं नाहीये."

गुरुवारी दुपारी रुफिनो एकही सही नसलेला कागद घेऊन बेकरीत परतला. मागोमाग गाव. बाईंनी निकाल दिला : "पाच माणसंसुद्धा खोटं बोलत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. सबब तोरेसेका गाव जे बोलतं ते मनापासून बोलतं, असं हे न्यायालय जाहीर करतं."

आपण इतके चांगले आहोत हे गावाला पहिल्यांदाच सरकारी कागदावर मिळत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेमेदियोसनं जास्तच वाजवल्या, कारण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या.

शुक्रवारी सकाळी सहा कुटुंबं गाद्यागिरद्या घेऊन चर्चमध्ये राहायला आली. नगरपालिकेतून नागरिकांनी आपापल्या खुर्च्या नेल्या, एकानं महापौरांच्या दालनाचा दरवाजाच नेला. जेवणाऱ्या माणसानं येणाऱ्या-जाणाऱ्याला "या जेवायला" म्हणायची गावाची रीत. आता येणारे-जाणारे बसायला लागले, म्हणून माणसं कपाटात शिरून सँडविच खायला लागली. नव्यानं विधवा झालेल्या ओब्दुलियाला अंत्ययात्रेत सत्तावीस जण म्हणाले होते, "काही लागलं तर हक्कानं सांगा." तिनं सत्तावीस जणांना कामांच्या याद्या पाठवल्या. दारूचा गुत्तेवाला तिचं छप्पर शाकारत होता आणि वर बसून मयताला शिव्या घालत होता.

मग लोकांनी 'तुमचंच आहे' म्हणणं सोडलं का? सोडतात कसले! जीभ आईनं घडवलेली. रुफिनोची बायको एन्कार्ना शुक्रवारी शेजारणीचं शिलाई मशीन, दोन बकऱ्या आणि एक झुंबर कौतुक करून घरी घेऊन आली. तिन्हीसांजेला बहीण भेटायला आली, "काय गं झुंबर!" म्हणाली. झुंबर गेलं.

नगरपालिकेनं तातडीनं नमुना क्रमांक ७ काढला, 'सौजन्यपूर्व घोषणापत्र'. चांगलं बोलण्याआधी ते दोन प्रतींत भरून द्यायचं होतं. पण शिक्का मारायला टेबल उरलं नव्हतं. टेबल फार सुरेख होतं.

"तू पण जा ना त्या बेनिग्नोकडे," एन्कार्ना म्हणाली. "पक्ष्याचं कौतुक कर. तो म्हणेलच 'तुझाच आहे'."

"चारदा जाऊन आलो. तो म्हणतो, 'मताची नोंद घेतली.' शिकलाय ना मेला!"

"मग घाल ते अंडं आता स्वतःच्या घशात," एन्कार्ना म्हणाली, पण रुफिनोचा चेहरा बघून तिनं अंडं निमूट झाकून ठेवलं.

रविवार उजाडला. चौक फुलला. लोक ठेवणीतले भिकार कपडे घालून आले होते, न जाणो कुणी कौतुक केलं तर. बेनिग्नो बिशपला घेऊन परीक्षकांच्या टेबलापाशी आला. दोन्ही गालांवर दाढी, एका गालावर जरा जास्त. परीक्षकांनी घड्याळ लावलं.

बिशप गप्प.

एक मिनिट गेलं, दोन गेली. बेनिग्नोनं शीळ घातली, चुचकारलं, शेवटी कलम वाचून दाखवलं. बिशपनं पाठ फिरवली.

"तो मंगळवारपासून गायलेलाच नाही रे," बेनिग्नो घाम पुसत गर्दीकडे बघून म्हणाला. "रुफिनो, काय झालंय त्याला?"

रुफिनोला माहीत होतं. बिशप न्हाव्याच्या दुकानात वाढलेला पक्षी, कात्रीच्या तालाशिवाय त्याला सूर सापडायचा नाही. हे गुपित रुफिनोनं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. अर्धं मिनिट उरलं होतं. गप्प बसला असता तर बेनिग्नोची फजिती झाली असती आणि त्यानं वैतागून पक्षी परतही केला असता. पण बिशप तिसऱ्यांदा हरणार, तेही सगळ्या प्रांतासमोर, हे रुफिनोला बघवेना. त्यानं खिशातून कात्री काढली.

कचक, कचक, कचकचकच.

बिशप वळला. छाती फुगवली. आणि असा गायला की चर्चमध्ये राहणारी सहा कुटुंबं गाद्या सोडून बाहेर आली. गुत्तेवाला छपरावर रडला. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. पहिला नंबर!

रुफिनोचे डोळे वाहत होते. "काय गातो हो... काय गातो तुमचा पक्षी, बेनिग्नोसाहेब!"

बेनिग्नोही विरघळला होता. बारा व्याख्यानं वाहून गेली आणि खाली आईनं घडवलेली जीभ तेवढी उरली. त्यानं दोन्ही हातांनी पिंजरा पुढे केला.

"तुझाच आहे रे रुफिनो, घेऊन जा!"

बेनिग्नोचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. दोरोतेआबाईंनी पेन्सिल कानावरून काढली. एन्कार्ना गर्दी फोडत पुढे येत ओरडली, "घे रे, घे, घे!"

रुफिनोच्या छातीतून आनंदाचा लोंढा वर आला. त्यानं हात पसरले, तोंड उघडलं आणि तो म्हणाला,

"छे छे, तुमच्याकडेच शोभतो!"

एन्कार्ना मटकन खाली बसली.

बाईंनी लिहून घेतलं : प्रस्ताव झाला. नकार झाला. नाकारलेला प्रस्ताव संपतो. "पुढचं प्रकरण."

सध्या पिंजरा पुन्हा रुफिनोच्या आरशावर, त्याच खिळ्याला आहे, कारण कात्री तिथे आहे. मालकी बेनिग्नोची, खिळा रुफिनोचा आणि मध्ये बारा कलमांचा करार. बेनिग्नो रोज येऊन बसतो, दाढी करून घेतो आणि सफरचंदाच्या अर्ध्या फोडी स्वतः खातो.

हल्ली त्याला प्रवासाचं वेड लागलंय. त्याच्या ऐकिवात आलंय, की दूर एक मुलूख आहे, तिथे वस्तूचं कौतुकसुद्धा करावं लागत नाही. पाहुणा नुसता दारात उभा राहिला तरी यजमान म्हणतो, "या, घर आपलंच समजा." निघताना वर म्हणतो, "असं घाईत नको, पुढच्या वेळी चांगलं राहायलाच या." बेनिग्नोनं बॅग भरलीय. आईलाही बरोबर घेतोय.

तुमचा पत्ता त्याला कुणी दिला, ते मला विचारू नका. बाकी, घर छान आहे हं तुमचं.