सात फुटी घड्याळ

तीस वर्षं मी हेडक्लार्क होतो. ज्याने अख्खं ऑफिस सरळ ठेवलं, त्याला चार फळ्या सरळ ठेवता येणार नाहीत? निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं, की दिवाणखान्यासाठी सात फुटी, लंबकाचं, उभं घड्याळ मी स्वतःच्या हातांनी बनवणार. आतलं यंत्र तेवढं विकत आणायचं. बाकी सगळी कारागिरी माझी.

"अहो, भाऊजींना विचारा तरी," बायको म्हणाली.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. सुतार. वडिलांनी मला कॉलेजात घातलं आणि त्याला सुताराच्या हाताखाली.

"त्यात विचारायचं काय? सुतारकाम म्हणजे मापं आणि डोकं. मापं टेपवर छापलेली असतात." डोक्याबद्दल मी विनयाने गप्प बसलो.

तरी तो आला. फळीवर बोट वाजवून म्हणाला, "दादा, लाकूड ओलं आहे. चार महिने वाळू दे."

"तुझं चार महिन्यांचं काम मी तीन आठवड्यांत करून दाखवतो."

त्याने फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि तो निघाला. तो कधीच काही बोलत नाही, हा त्याचा दोष मी लहानपणापासून सांगत आलोय.

तीन आठवड्यांत घड्याळ उभं राहिलं. म्हणजे भिंतीला टेकून. मग लाकूड वाळायला लागलं आणि आळस दिल्यासारखं वाकडं झालं. दार लागेना. लंबक बाजूच्या फळीवर डोकं आपटून थांबायचा. आमच्याकडे सदासर्वकाळ सव्वाचार वाजलेले. आणि रविवारी माझे जुने साहेब घड्याळ बघायला येणार होते, कारण "सेकंदाचाही फरक नाही," असं मी त्यांना फोनवर सांगून बसलो होतो.

त्यातच दोन दिवस बहिणीकडे जावं लागलं. शनिवारी संध्याकाळी परत येऊन बघतो, तर दार घट्ट बंद आणि लंबक डौलात झुलतोय.

"बघितलंस? चांगलं लाकूड शेवटी आपोआप जागेवर येतं," मी म्हणालो.

"जेवून घ्या," बायको म्हणाली.

रविवारी साहेब घड्याळाभोवती फिरले. "हे सगळं एकट्याने केलंत?"

"एकट्याने. हा माझा धाकटा. अधूनमधून फळी धरायला यायचा."

बायकोने त्यालाही बोलावलं होतं. तो चहाचा ट्रे धरून उभा होता.

साहेबांनी दार उघडून आत डोकं घातलं. "कमाल आहे. कुठे एक खिळा नाही. हे सांधे कसे जमवलेत?"

मी स्वतः सव्वाशे खिळे ठोकले होते. त्यातला एक करंगळीत.

"ते... मापं," मी म्हणालो. "मापं आणि..."

साहेब वाट बघत राहिले.

"भाऊजींनी जमवले," बायको शांतपणे म्हणाली. "दोन दिवस खपून त्यांनी अख्खी पेटी नवी केली. ह्यांची माळ्यावर ठेवलीय."

साहेबांनी घाईघाईने चहाचं कौतुक केलं. तो त्यांनी अजून घेतलाही नव्हता.

धाकटा निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेलो. "अरे, मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?" तो चपला घालत म्हणाला. "वहिनी फोनवर रडत होती. चारचौघांत तुझं हसं होऊ नये म्हणून आलो होतो, दादा. फळी धरायला नाही."

त्याच्या तोंडून एका दमात एवढं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर तो घरी आला नाही. पाच महिने झाले. फोन केला की "काम आहे" म्हणतो, आणि काम खरंच असतं. साहेबांनीच त्याला दोन घड्याळं करायला सांगितलीत. आमचं बिघडलं तर त्या निमित्ताने बोलवावं म्हणतो, पण ते मेलं मिनिटभरही चुकत नाही.

परवा शेवटी मी लंबक एका बाजूला ओढून घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"घड्याळ बंद पडलंय रे. येऊन बघतोस का?"

पलीकडे रंधा थांबला.

"दादा," तो म्हणाला, "लंबक सोड."

सोडला. टक टक सुरू झाली. त्यालाही ती ऐकू गेली असावी, कारण त्याने फोन ठेवून दिला.