आधी जेवण, मग पिंजरा

गेल्या उन्हाळ्यातला शनिवार. रक्कम वीस दिरहम, म्हणजे आपल्या साडेचारशे रुपयांच्या वर. हजर तिघे: मी, मासेवाला आणि इक्बालभाई मुकादम. एवढ्या पैशांचे बांगडे इक्बालभाईंनी एकेकाचे कल्ले उघडून, वास घेऊन निवडले. मासेवाला वैतागून म्हणाला, "भाई, घर में मेहमान है क्या?"

"मेहमान नाय. बिल्ली है," इक्बालभाई म्हणाले.

इथं आखातात, करामा भागातल्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर सहकुटुंब राहतो. इक्बालभाई तळमजल्यावर, सहा जणांच्या खोलीत एका खाटेवर. ते दापोलीचे, मी वसईचा, त्यामुळे मासे ही आमची समान भाषा. वीस वर्षं त्यांनी जबल अलीच्या गोदामांतून झुरळं आणि उंदीर मारले. ती कंपनी बंद पडली आणि पन्नाशीला आलेला हा माणूस नगरपालिकेच्या भटक्या जनावरांच्या खात्यात ट्रेनी म्हणून लागला. बरोबरचे ट्रेनी पंचविशीतले. ते यांना अंकल म्हणत आणि जड पिंजरे यांनाच उचलायला देत.

काम समजायला सोपं आहे. पिंजऱ्यात खाणं ठेवायचं, मांजर आत गेलं की दार पडतं. मग त्याची नसबंदी करायची, लस टोचायची, खूण म्हणून कानाचं टोक कापायचं आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. फक्त नियम असा, की आदल्या दिवशी त्या भागात मांजराला कोणी खायला घालायचं नाही. भुकेलं मांजर चटकन पिंजऱ्यात शिरतं.

हा नियम इक्बालभाईंना मान्य नव्हता. "आधी जेवण, मग ओळख, मग पिंजरा," असं ते सगळ्यांना ऐकवत. वॉचमनला, माझ्या बायकोला, खुद्द त्यांच्या इन्स्पेक्टर मरियम मॅडमना. शिवाय कोणाच्या देखत एकट्यानं जेवायचं नाही ही त्यांची घरची शिस्त. त्यामुळे पिंजरा लावून ते शेजारी डबा उघडत आणि पहिला घास मांजराला देत. मांजर तृप्त होऊन त्यांच्याच बुटावर झोपे.

नोकरी पक्की व्हायला दोन परीक्षा, त्यातली पहिली अशीच गेली. आमच्या पार्किंगमध्ये एक आडदांड पिवळा बोका होता. कोणाचीही गाडी आपल्या बापाची असल्यासारखा तो बॉनेटवर लोळायचा, म्हणून इक्बालभाईंनी त्याचं नाव खोतसाहेब ठेवलं होतं. त्यालाच पकडून दाखवायचं होतं. मॅडम घड्याळ बघत उभ्या राहिल्या. तासाभरानं त्या शांतपणे म्हणाल्या, "इक्बाल, बिल्ली तुम्हारी गोद में है. पिंजरा खाली है. मैं फॉर्म में क्या लिखूँ?"

"लिखो मॅडम, आदमी भरोसे का है."

मॅडमनी नापास लिहिलं. पुढची परीक्षा शेवटची. तीही गेली तर नोकरी खलास, आणि नोकरीबरोबर व्हिसा.

त्या संध्याकाळी मी त्यांना वर चहाला बोलावलं आणि सरळ हिशेब मांडला. "इक्बालभाई, एका मांजराचा एक दिवसाचा उपास एकीकडे, तुमचा संसार दुसरीकडे. यात विचार करण्यासारखं आहे काय?"

माझी मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "डॅड इज राइट, अंकल. इट्स जस्ट वन डे."

इक्बालभाईंनी बशी खाली ठेवली. "परेरासाब, भुकेल्याला पकडण्यात कसली अक्कल? भुकेला कुठंही शिरतो. आपण नाय का शिरलो इकडं? पोट भरलेला माणूस स्वतःच्या पायानं आत आला पायजे. तसाच आणून दाखवतो."

बायकोनं त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे त्या बांगड्यांच्या शनिवारपासून, त्यांनी पार्किंगच्या कोपऱ्यात एक रिकामा पिंजरा मांडला. दार तारेनं वर बांधून टाकलेलं, म्हणजे ते पडणारच नाही. पहिल्यांदा बांगडा पिंजऱ्याच्या बाहेर. मग उंबऱ्यावर. मग वीतभर आत. संध्याकाळीसुद्धा भट्टीसारखी हवा असे, तरी हा माणूस ड्युटीवरून आला की उलट्या क्रेटवर बसून खोतसाहेबांची मनधरणी करी. "या, बसा आत. एसी नाय, पण सावली हाय." वॉचमन हसायचा. पंचविशीतल्या ट्रेनींनी व्हिडिओ काढले. इक्बालभाई रोज बांगडा बोटभर आत सरकवत राहिले. शेवटी शेवटी खोतसाहेब पिंजऱ्यातच जेवून तिथंच अंग चाटत बसू लागले.

परीक्षा शुक्रवारी सकाळी होती. आदल्या रात्रीही खोतसाहेब भरपेट जेवले होते, याला मी साक्षीदार आहे. इक्बालभाईंनी दाराची तार सोडली, तळाला बांगडा ठेवला आणि दूर जाऊन उभे राहिले. बोका आला. मॅडमकडे एकदा बघून घेतलं, आत गेला, सावकाश खायला लागला. दार पडलं. त्यानं मान वळवून बघितलं आणि पुन्हा खायला लागला.

"यल्ला, चलो, पास," मॅडम म्हणाल्या आणि कागद आणायला व्हॅनकडे गेल्या.

मी अभिनंदन करायला निघालो आणि मध्येच थांबलो. इक्बालभाई पिंजऱ्यावर चादर टाकून शेजारी उकिडवे बसले होते आणि चादरीशी बोलत होते. "घाबरू नका, खोतसाहेब. संध्याकाळपर्यंत सोडतील. आज सलमाचा निकाह हाय, दापोलीला, जुम्याच्या नमाजनंतर. मला कसं जाता येणार? कच्च्या नोकरीला सुट्टी नसते. पण आता पक्की झाली. पोरीला सासरी सांगता येईल, बाप सरकारात हाय." मग चादरीचं टोक सारखं केलं. "खोलीत कोणाला सांगितलं नाय. तिकडं एकजण फिलिपिनी, बाकी मल्याळी. मराठीत आनंद कोणापुढं करायचा?"

मी मुद्दाम दोनदा खाकरलो. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसती टोपी नीट केली. "परेरासाब, दुपारी जेवायला चला. वहिनींना पण आणा."

दुपारी करामातल्या एका हॉटेलात आम्ही पाचजण होतो: इक्बालभाई, मी, बायको, मुलगी आणि मरियम मॅडम. नेहमीच्या ॲपवरून व्हिडिओ कॉल इथं बंद आहे, म्हणून इक्बालभाईंच्या भावानं निकाहाची क्लिप पाठवली होती. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ती आम्ही सगळ्यांनी बघितली. लाल ओढणीतली मुलगी, आणि तिच्या शेजारी बापाच्या जागी बसलेला काका. "मबरूक, इक्बाल," मॅडम म्हणाल्या. माझी मुलगी म्हणाली, "शी लुक्स लाइक यू, अंकल." इक्बालभाईंनी तिच्या ताटात बिर्याणी वाढली, मग बायकोच्या, मग मॅडमच्या. स्वतः सगळ्यांत शेवटी घेतली.

बिल आलं. मी सवयीनं पाकीट काढलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"मुलीच्या निकाहाचं जेवण पाहुणा देतो काय?"

एकशे ऐंशी दिरहम झाले होते. इक्बालभाईंनी ते हॉटेलवाल्याला रोख दिले, आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले.