सायमन अंकलचा बायपॉड

माझ्या मेहुणीला बघायला आलेलं स्थळ सायमन अंकलनी एका वाक्यात मोडलं. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, पोह्यांचं कौतुकही त्याने बेताचंच केलं. शेजारधर्म म्हणून येऊन बसलेल्या अंकलनी मात्र त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. तो गेल्यावर म्हणाले, "पाय हलतो त्याचा. बसल्या बसल्या हलतो. आधी पाय बघायचे असतात, बाबा!" सासूबाईंनी संध्याकाळीच नकार कळवून टाकला.

उमेळे गावात आमच्या बिल्डिंगच्या कुंपणाला लागून अंकलचं घर आणि उरलीसुरली केळीची वाडी आहे. अंकल निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गेली काही वर्षं ते छऱ्याच्या बंदुकीसाठी बायपॉड निवडतायत. बायपॉड म्हणजे बंदुकीच्या नळीखाली लावायचा दोन पायांचा टेकू. नेम धरताना बंदुकीचा भार तो घेतो. आपण अशी वस्तू दुकानात बघू, घेऊ आणि घरी येऊ. अंकल मागवतात, तपासतात आणि परत पाठवतात. एकाचे पाय लांब होते ("जिराफ आहे रे!"), एकाची स्प्रिंग ढिली होती, एकाच्या लोखंडी टोकांनी जेवणाच्या टेबलाची वाट लावली.

परीक्षा माझ्या फ्लॅटमध्ये होते, कारण त्यांच्या मते आमची फरशी जास्त सपाट आहे. रिकामी बंदूक बायपॉडवर ठेवायची, तिला टॉर्च बांधायची, उजेड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका चौकटीत पाडायचा, आणि मग मी शेजारी उड्या मारायच्या. उजेड शेजारच्या चौकटीत गेला की बायपॉड नापास. मी बनियनवर उड्या मारतोय आणि अंकल "जोरात! खाल्लेलं कुठे जातं तुझं?" असं ओरडतायत, हे दृश्य खालच्या मजल्यावरच्या सावंतांनी दारात उभं राहून पाहिलं आहे. ते भांडायला आले होते, ते तसेच परत गेले.

बंदुकीच्या दस्त्याखाली ठेवायला अंकलनी कापडी उशी शिवली आणि तिच्यात तांदूळ भरले. एकदा अचानक पाहुणे आले, घरातले तांदूळ संपलेले, तेव्हा आंटींनी तीच उशी उसवली. भाताला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता म्हणे.

फिलोमिना आंटी म्हणजे त्यांची बायको. त्यांच्याकडे गेलं की चहा कायम अर्धाच कप मिळतो, अगदी अंकलनासुद्धा. मी मनातल्या मनात त्यांना चिक्कू ठरवून मोकळा झालो होतो.

एकदा मी विचारलं, "आंटी, अंकल नेम कधी धरतात हो? मी तर कधी पाहिलं नाही."

"तो?" आंटी हसायला लागल्या. "त्याला एक डोळा मिटतासुद्धा येत नाही. शोकेसमधली पदकं माझी आहेत."

हे बोलताना त्यांच्या हातातला अर्धा कप बशीवर खडखडत होता. भरलेला असता तर सांडलाच असता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला फार वाईट वाटलं.

"चर्चच्या सणाला, फेस्ताच्या दिवशी, वाडीत नेमबाजी असते," त्या म्हणाल्या. "वयस्करांना टेकू चालतो. हा दर वर्षी माझं नाव देतो आणि मी काढून घेते. सगळ्या गावाला हे हात कशाला दाखवू?"

या वर्षी मात्र एक बायपॉड पास झाला. मी उड्या मारमारून घामाघूम झालो, पण उजेड चौकटीतून हलला नाही. अंकलनी तो बायपॉड स्वतःच्या रुमालात गुंडाळून आंटींना दिला. आंटी नाव काढून घ्यायला गेल्या नाहीत.

फेस्ताच्या दिवशी वाडीत गर्दी होती. अंकल लग्नातला कोट घालून आले होते. त्यांनी बंदूक टेबलावर मांडली, बायपॉडचे पाय दाबून पाहिले. आंटी खुर्चीत बसल्या, त्यांनी टेबलावर कोपर टेकलं, आणि अख्खं टेबल डुगडुगलं. केटररकडून आणलेलं घडीचं टेबल होतं. वर्षानुवर्षं दोन पाय तपासणाऱ्या माणसाने टेबलाचे चार पाय पाहिलेच नव्हते.

गर्दीत कुणीतरी हसलं. आंटी उठायला लागल्या.

"बस, फिलू," अंकल म्हणाले आणि कोटासकट रांगत टेबलाखाली शिरले. त्यांनी पाठ वर टेकवली, दोन्ही हात मातीत रोवले. टेबल थांबलं.

आंटींनी बराच वेळ नेम धरला आणि घोडा ओढला. छरा कागदाच्या पार कोपऱ्यात लागला.

"लागला का गं?" टेबलाखालून आवाज आला.

"मधोमध," आंटी म्हणाल्या.

"मग! बायपॉड कुणी निवडला?"

आंटींनी दुसरा छरा हातात घेतला. तो दोनदा खाली पडला, मी उचलून दिला. त्यांनी पदर खोचला आणि त्या खाली वाकून म्हणाल्या, "उठू नको रे एवढ्यात. अजून छरे आहेत."