चाराच्या जागी पाच

शेखरची मुलगी मिनल पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायच्या तयारीला लागलीय, ही बातमी ज्योतीराम वाघचौरेला चिखलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कळली, आणि सहावा मजला येईपर्यंत त्याला नीट श्वास घेता आला नाही. बातमी देणारा खुद्द शेखरच होता. तो समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत असल्यामुळे लिफ्टमधून उतरल्यावरही सुटका नव्हती.

दोघं चाकणच्या एकाच कंपनीत. शेखर प्रॉडक्शनला, ज्योतीराम क्वालिटीला. म्हणजे शेखरनं माल काढायचा आणि ज्योतीरामनं त्यात खोट काढायची, असं अकरा वर्षं चाललं होतं. कंपनीत त्याला त्याचा पगार मिळायचा, घरी मात्र तो हे काम फुकट करायचा. शेखरनं गाडी घेतली तेव्हा महिनाभर ज्योतीरामला पार्किंग अरुंद वाटत होतं. शेखरच्या बायकोनं स्वयंपाकघर नवं केलं, तेव्हा ज्योतीरामला स्वतःच्या घरच्या आमटीची चव लागेना. विजयश्रीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते मनावर घेतलं आणि आठवडाभर आमटीच केली नाही.

"ओंकार," घरात पाऊल टाकताच ज्योतीराम म्हणाला, "तुला जर्मनीला जायचंय ना?"

"बाबा, मी वर्षभर तेच सांगतोय. तुम्हीच म्हणत होतात, इथं काय कमी आहे?"

"इथं आहे काय?" ज्योतीराम म्हणाला.

ओंकारला खरंच जायचं होतं. दीड वर्ष तो रोज संध्याकाळी चिंचवडला जर्मनच्या क्लासला जात होता. फ्रिजवर, दारावर, चपलांच्या स्टँडवर त्यानं जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. विजयश्रीला आता फ्रिजला जर्मनमध्ये काय म्हणतात ते येत होतं. हे वर्ष हुकलं तर आपण कायमचे इथल्याच शिफ्टला लागू, असं पोराच्या मनानं घेतलं होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

ओंकार आणि मिनल एकाच कॉलेजचे, एकाच वर्गाचे. दहापैकी ओंकारला सात पॉइंट चार, मिनलला सात पॉइंट एक. हे तीन दशांश म्हणजे ज्योतीरामचा मोठा आधार होता. गाडी, स्वयंपाकघर, काहीही बघून जीव जळायला लागला की तो मनातल्या मनात ते तीन दशांश आठवायचा आणि मग त्याला झोप लागायची.

अर्जाला कॉलेजचं एक पत्र लागत होतं. आमच्याकडे जास्तीत जास्त गुण किती आणि कमीत कमी कितीला पास, एवढंच त्यात लिहून द्यायचं. ओंकारला क्लास होता, म्हणून ज्योतीरामनं हाफ डे टाकला आणि स्वतः कॉलेजात गेला. परीक्षा विभागात उझ्मा मॅडम बसल्या होत्या. त्यांनी नाव विचारलं, दोन मिनिटांत पत्र टाइप केलं आणि वाचायला दिलं. जास्तीत जास्त दहा, पास व्हायला चार.

"ओंकारच्याच वर्गातल्या मिनलचं पत्र कसं होतं हो?" ज्योतीरामनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"असंच. सगळ्यांना असंच देतो आम्ही."

बस, हेच त्याला सोसलं नाही. सात पॉइंट चारवाल्याला आणि सात पॉइंट एकवालीला एकच पत्र? तेवढ्यात टेबलावरच्या काचेखाली लावलेला नियमांचा कागद त्याला दिसला. "मॅडम, इथं तर प्रोजेक्टला पास व्हायला पाच लागतात असं लिहिलंय."

"हो, थिअरीला चार आणि प्रोजेक्टला पाच. पण बाहेर जाणारी मुलं चारच लिहून नेतात."

"मग आमच्या ओंकारला पाच लिहा की. मी क्वालिटीतला माणूस आहे, मॅडम. तपासणी जितकी कडक, तितका माल भारी. चाळीस टक्क्याला पास म्हटल्यावर तो जर्मन माणूस हसेल आपल्याला."

"बघा बुवा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय म्हणून लिहिते. कंसात 'प्रोजेक्टसाठी' असं टाकते."

"ती शेपटी कशाला? उगाच गिचमिड दिसते."

बाहेर रांग वाढत होती. मॅडमनी शेपटी काढली. प्राचार्य सरांची सही झाली, शिक्का बसला. ज्योतीरामनं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पत्र स्कॅन करून ओंकारच्या व्हॉट्सअॅपवर धाडलं. ओंकारनं क्लासच्या मधल्या सुट्टीत ते न वाचताच अर्जाला जोडलं. बापानं पाठवलेला कागद कुठलं पोर वाचत बसतं?

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी विद्यापीठाचा मेल आला. ज्योतीराम फर्स्ट शिफ्ट करून घरी आला तर ओंकार लॅपटॉपसमोर दगडासारखा बसलेला.

"काय झालं?"

"त्यांनी आपल्या गुणांचे त्यांच्या पद्धतीनं गुण केले. मला दोन पॉइंट पाच सहा आले."

"आणि मिनलला?"

"दोन पॉइंट चार पाच."

"अगं ए!" ज्योतीराम स्वयंपाकघराकडे ओरडला. "साखर आण! पोरगा पुढे गेला!"

"बाबा, थांबा. तिकडे उलटं असतं. एक म्हणजे सगळ्यात भारी, चार म्हणजे जेमतेम पास. आणि या कोर्सला अडीचच्या वर कुणाला घेत नाहीत." ओंकारनं मेलमधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मिनलचं झालं. माझं नाही झालं."

साखरेचा डबा घेऊन आलेली विजयश्री दारातच थांबली. ज्योतीरामला मोठा धक्का बसला. त्यातला अर्धा पोराच्या नकाराचा होता, अर्धा मिनलच्या प्रवेशाचा. आधी कशाचं वाईट वाटून घ्यावं ते त्याला ठरवता येईना.

"वशिला!" शेवटी तो म्हणाला. "सात पॉइंट एकवालीला घेतात आणि सात पॉइंट चारवाल्याला नाही? शेखरनं वशिला लावला!"

"जर्मनीत?"

"तू शेखरला ओळखत नाहीस."

"बाबा, त्यांचा सरळ हिशोब असतो." ओंकारनं वहीचं पान फाडलं. "दहातून आपले गुण वजा करायचे. त्याला, दहातून पासचे गुण वजा करून जे येतात, त्यानं भागायचं. तीननं गुणायचं, एक मिळवायचा. बघा, दहातून सात पॉइंट चार गेले, राहिले दोन पॉइंट सहा. दहातून चार गेले, राहिले सहा. भागा, गुणा, एक मिळवा. दोन पॉइंट तीन! बरोबर बसायला पाहिजे होतं. मग त्यांचं पाच सहा आलं कुठून?"

त्यानं पुन्हा गणित केलं. पुन्हा दोन पॉइंट तीन. मग त्यानं अर्जाला जोडलेलं पत्र उघडलं आणि ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. ज्योतीराम हळूच उठून गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेला. लग्नानंतर पंचवीस वर्षांत त्यानं हे काम कधी केलं नव्हतं.

"बाबा," आतून आवाज आला. "इथं पाच का लिहिलंय?"

विजयश्रीला गॅलरीतला नवरा बघून उत्तर कळलं. तिनं साखरेचा डबा जोरात बंद केला आणि आत गेली. पोरगा उठला आणि फ्रिजवरची चिठ्ठी नखानं खरवडून काढायला लागला, ते ज्योतीरामला बघवलं नाही.

मेलच्या तळाशी एक बरी गोष्ट होती. शुक्रवारपर्यंत चुकीचा कागद बदलून देता येत होता. बुधवारी बापलेक कॉलेजात हजर झाले. उझ्मा मॅडमनी कपाळावर हात मारला. "मी म्हटलं होतं तुम्हाला! आता सर परगावी गेलेत, सोमवारी येतील. उपप्राचार्य सही करतील, पण सरांच्या सहीचं पत्र ते नुसतं असं नाही बदलणार. त्याच वर्षाच्या, त्याच वर्गाच्या मुलाचं चार लिहिलेलं मूळ पत्र आणून दाखवा, लगेच करून देते."

"कुणाचं आणू?" ज्योतीरामनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. त्या वर्गातून जर्मनीसाठी पत्र नेणारी दोनच मुलं होती.

संध्याकाळी त्यानं समोरची बेल वाजवली. दोन दारांमध्ये आठ पावलांचं अंतर, पण ते चालायला त्याला पाऊण तास लागला. शेखर मूळचा लातूरकडचा, बनियनवर बसून शेंगा फोडत होता.

"या की साहेब! आज कुठला लॉट अडवायला आलात?"

ज्योतीराम बसला. पाण्याच्या टँकरबद्दल बोलला. कचऱ्याच्या गाडीबद्दल बोलला. मिनल आतून फाइल घेऊनच बाहेर आली, तेव्हा ओंकारनं तिला आधीच फोन केलाय हे त्याच्या लक्षात आलं. "कॉलेजनं घोळ घातला हो," तो म्हणाला. "पत्रात पाच लिहिलं."

"कॉलेजनं?" शेखरनं फाइल स्वतःकडे ओढली. "साहेब, तुम्ही माझा एक तरी लॉट लेखी कारणाशिवाय सोडलाय का? पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं, हे तुम्हीच शिकवलं की आम्हाला. मागच्या महिन्यात एका वॉशरपायी तीनदा कागद परत पाठवलात माझा. मिनल, यांना कागद दे बाई."

"शेखरराव, शेजारधर्म म्हणून तरी…"

"शेजारधर्म म्हणून तर पेन पण देतोय."

ज्योतीरामनं लिहायला घेतलं. अर्ज का अडला? पत्रात पाच लिहिलं. पाच का लिहिलं? मी सांगितलं. का सांगितलं? पत्र भारी दिसावं म्हणून. भारी का दिसावं? मिनलसारखंच नको होतं म्हणून. पाचव्या 'का'पाशी पेन थांबलं. चौथ्या उत्तरावर कुणालाही सोडायचं नाही, हा त्याचाच नियम होता. समोर मिनल शेंगांची टरफलं गोळा करत होती. मेलच्या दिवशी तीच ओंकारला धीर देत होती, हे त्याला विजयश्रीनं सांगितलं होतं. त्याला फ्रिजवरची ती खरवडलेली चिठ्ठी आठवली. मान खाली घालून त्यानं लिहिलं, 'कारण मला तुमचं चांगलं झालेलं बघवत नाही.'

शेखरनं कागद वाचला. पुन्हा वाचला. ज्योतीराम कान पाडून बसला होता.

"बरोबर आहे," शेखर म्हणाला. "मूळ कारण सापडलं." त्यानं पत्र काढून ज्योतीरामच्या हातात दिलं आणि त्या कागदाचे तुकडे करून टरफलांच्या ताटात टाकले. "जा, पोराचं काम करा आधी."

गुरुवारी नवं पत्र गेलं. पुढच्या बुधवारी मेल आला, दोन पॉइंट तीन, प्रवेश पक्का. ओंकारनं आईला उचलून गोल फिरवलं आणि ज्योतीरामच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते पुसता पुसताच त्याच्या ध्यानात आलं की दोन पॉइंट तीन म्हणजे दोन पॉइंट चार पाचच्या पुढे. आपण पुन्हा वरचढ!

सोसायटीचे अध्यक्ष सोनबा हे चिखली गावठाणातले जुने गृहस्थ. त्यांनी ग्रुपवर कळवलं, पोरांचा फ्लेक्स लावायचाय, मार्क टाका. कुणी काही टाकायच्या आत ज्योतीरामनं दोघांचेही टाकले. ओंकार २.३, मिनल २.४५. असा पुढाकार त्यानं ग्रुपवर आजवर घेतला नव्हता.

रविवारी सकाळी गेटवर फ्लेक्स लागला. मिनलचा फोटो मोठा, खाली 'प्रथम'. ओंकारचा लहान, खाली 'द्वितीय'. ज्योतीराम दुधाची पिशवी घेऊन तिथंच उभा राहिला.

"सोनबा, अहो, हे उलटं झालं! त्यांच्यात कमी तो पुढे असतो!"

सोनबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय व्हय. वाईट वाटून घिऊ नका. दुसरा नंबर बी काय कमी न्हाई."

"अहो, नंबर नाही म्हणत मी! शेखरला विचारा वाटल्यास!"

शेखर नेमका भाजी घेऊन येत होता. त्यानं फ्लेक्सकडे बघितलं, ज्योतीरामकडे बघितलं आणि हसून मोठ्यानं सांगितलं, "खरं आहे, सोनबा. ओंकारच पहिला. माझ्या पोरीचं नाव खाली घ्या."

एव्हाना गेटवर आठदहा जण जमले होते. सोनबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बघा," ते गहिवरून म्हणाले, "सवताची पोरगी पयली आलीय, आन दुसऱ्याच्या पोराला पयला म्हनतोय. येवढं मोठं मन आमी न्हाई बघितलं. शेखरभाऊ, तुमचा बी फोटो टाकतो आता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेखर नाही नाही म्हणत राहिला, तशा त्या वाढतच गेल्या. ज्योतीराम दूध घेऊन वर आला तो थेट सोफ्यावर बसला.

"काय झालं?" विजयश्रीनं विचारलं. "बदलणार आहेत का फ्लेक्स?"

"बदलणार आहेत."

"ओंकार पहिला ना?"

"पहिला."

"मग तोंड का पाडलंय?"

ज्योतीरामनं खाली घडलेलं सगळं सांगितलं. विजयश्रीनं दूध पातेल्यात ओतलं आणि गॅस लावला.

"म्हणजे तुम्ही गप्प उभे राहून टाळ्या वाजवल्या असत्या, तर मोठ्या मनाचे तुम्ही ठरला असता."

ज्योतीरामला ते आत्ता कळलं. तो उठून खिडकीपाशी गेला. खाली फोटोग्राफर आला होता, आणि शेखर शर्टाची कॉलर नीट करत होता.