सासऱ्यांच्या पत्त्याला कुलूप

सासऱ्यांच्या द्राक्षबागेची वेबसाइट मीच केली होती, हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. दोन हजार चारची गोष्ट. (तीन महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास केलेला कारकून घरात असला की असं होतंच.)

सासरे म्हणजे दिंडोरीचे खंडेराव, सगळ्या गावाचे नाना. आपली द्राक्षं एकदा तरी परदेशी जावीत, एवढीच त्यांची हौस. नोव्हेंबरात हॉलंडचा एक व्यापारी बाग बघून खूश झाला. "फेब्रुवारीत मेल करतो," म्हणाला. मी त्याला ऐटीत कार्ड दिलं. त्यावर नुसतं वेबसाइटचं नाव. फोन नंबर मीच छापू दिला नव्हता. (म्हणे गावठी दिसतं!) शेजारच्या द्राक्षबागेतल्या बारकूने मात्र फवारणीच्या औषधाचं खोकं फाडून पुठ्ठ्यावर आपला नंबर लिहून दिला. मी पोट धरून हसलो.

साइटवरच्या पत्त्यावर धडाधड मेल येऊ लागले. रविवारी सगळं घर जमवून सासरे म्हणाले, "वाचा मोठ्यानं." पहिला मेल पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांचा. दुसराही तोच. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

"जावईबापू, ह्या गोळ्या तुमी मागवल्या का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साइटवरचे पत्ते चोरणारे प्रोग्राम असतात, हे कुणाला पटेना. मग मी नवा पत्ता घेतला आणि त्याला कुलूप लावलं. साइटवर मराठीत एक प्रश्न. बरोबर उत्तर दिलं तरच पत्ता दिसणार.

"माणसाला येईल, मशीनला येणार नाही, असं काहीतरी सांग," मी बायकोला म्हणालो.

"गोडीबाराची छाटणी कोणत्या महिन्यात? ऑक्टोबर!" भाग्यश्री म्हणाली. "दिंडोरीतलं शेंबडं पोरही सांगेल."

(घड धरण्यासाठी अशी छाटणी असते, हेच मला माहीत नव्हतं. मी लिहून घेतलं.)

फेब्रुवारी आला. घड पिकले. सासरे रोज फोन करायचे, "मेल आला का?"

"एकही नाही! बंदोबस्तच तसा केलाय!" मी तीन आठवडे अभिमानाने सांगत होतो.

मार्चमध्ये पहिला मेल आला. बारकूचा.

'दाजी, छाटणीचं उत्तर दिलं तवा तुमचा पत्ता दिसला. हॉलंडच्या सायबाचा मला फोन आल्ता. त्याला तुमच्या साइटवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत्यात. पत्ता घावंना म्हणून माल माझा नेला. नानांना तुमी सांगता, का मी सांगू?'

मीच सांगितलं. खंडेराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बागेकडे बघत बसले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. द्राक्षांचे बेदाणे झाले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्हा दोघांना रस-पोळीचं बोलावणं आलं. सासरे दारातच हात आडवा लावून उभे.

"रस तयार हाय. पर आधी सांगा, गोडीबाराची छाटणी कोणत्या महिन्यात?"

मी खिसे चाचपले. लिहून घेतलेला कागद नाशिकला आमच्या घरीच राहिला होता.

"एप्रिल?" मी म्हणालो.

सासऱ्यांनी हात जरासा वर केला. "भाग्ये," ते म्हणाले, "तू ये आत."